उद्याच्या गिगसाठी
शनिवार, रात्री

उद्या बँडचा लाइव्ह कार्यक्रम शूट करायचाय. कॅमेरा धरणारी पोरं याच बँडच्या सरावाच्या खोलीत वाढलेली. अशांच्या शूटिंगमधला फरक लगेच कळतो. सोलो सुरू होण्याच्या चार बार (तालाची मापं) आधीच कॅमेरा गिटारिस्टवर पोचलेला असतो. गाण्याची बांधणी पाठ असणं महागड्या लेन्सहून मोलाचं, आणि ते भाड्याने मिळत नाही.

बाकीचं शिकवावं लागतं. उजव्या हाताने वाजवणाऱ्याच्या गिटारची नेक प्रेक्षकांच्या उजवीकडे येते, त्यामुळे तारांवरची बोटं हवी असतील तर त्या बाजूला उभं राहायचं. डावीकडून पिकचा हात मिळतो. ड्रमरला समोरून घेऊच नये, सिंबल तोंडावर येतात. हाय-हॅटच्या (पायाने वाजणाऱ्या सिंबलच्या जोडीच्या) बाजूने, किंचित मागून घ्यावं.

खरा घोळ आवाजाचा. मिक्सरची फीड (मिक्सरमधून थेट घेतलेला आवाज) घरी ऐकली की गायक कानात ओरडत असतो आणि गिटार गायब. छोट्या पबमध्ये अँप आणि ड्रमचा आवाज मुळातच एवढा असतो की साउंडवाला ते पीएमध्ये (हॉलच्या स्पीकरमध्ये) फारसे घालतच नाही, मग फीडमध्ये कुठून येणार? म्हणून हॉलमध्ये दोन माइकची स्टिरिओ जोडी वेगळी लावायची. आवाजाला एक मीटर कापायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. माइक स्टेजपासून 15 मीटरवर असतील तर सुमारे 44 मिलिसेकंदांचा उशीर, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशोबाने एका फ्रेमहून थोडा जास्त. एडिटमध्ये हॉलचा ट्रॅक तेवढा अलीकडे ओढला नाही तर स्नेअर ड्रमचा ठोका दुहेरी ऐकू येतो. शिवाय मिक्सरमधून लाइन लेव्हल येते, म्हणजे माइकपेक्षा कितीतरी जोरदार सिग्नल. ती रेकॉर्डरच्या माइक इनपुटला दिली तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही. साउंडचेकला (शोआधीच्या आवाजाच्या चाचणीला) पीक, म्हणजे सगळ्यात मोठे आवाज, रेकॉर्डरच्या मीटरवर उणे 18 डेसिबलच्या आसपास ठेवावेत, कारण शोमध्ये प्रत्येक बँड जास्त जोरात वाजवतो. ‘आम्ही एवढंच वाजवणार’ यावर विश्वास ठेवू नये.

रेकॉर्डर 48 किलोहर्ट्झ, कॅमेरे 25 फ्रेम, शटर 1/50. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट लुकलुकत नाहीत. स्टेजवरच्या एलईडींचं मात्र काही सांगता येत नाही. पट्ट्या दिसल्या तर शटर थोडं थोडं हलवून बघायचं. ऑटो एक्स्पोजर बंद. गडद निळ्या किंवा लाल प्रकाशात त्या एकाच रंगाचा चॅनल जळतो (मर्यादेपलीकडे जातो), चेहऱ्याचा सपाट डाग होतो, आणि साध्या मीटरवर सगळं ठीक दिसत राहतं.

दोन गाण्यांच्या मध्ये रेकॉर्डिंग थांबवायचं नाही, नाहीतर दर वेळी सिंक (चित्र आणि आवाजाचा मेळ) नव्याने शोधा. सेकंदाला 100 मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला 45 जीबी लागतात. कार्ड आणि बॅटऱ्या सगळ्यांनी एकदम बदलू नयेत. 1969 मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात 16 मिमी फिल्मवर शूटिंग झालं. 400 फुटांचं रीळ जेमतेम 11 मिनिटं चालतं. त्यापुढे आपलं कार्ड म्हणजे चैनच.

कॅमेरे आणि रेकॉर्डर नंतर जुळवता यावेत म्हणून टाळी वाजवायची, सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा. दोन यंत्रांच्या घड्याळांत दहा लाखांत 20चा फरक असला तरी तासाभरात 72 मिलिसेकंदांनी ओठ आणि आवाज सुटतात.

साउंडचेकला पेडल, नव्या तारा, केबल, हात यांचे जवळचे शॉट भरपूर घ्यावेत. एडिटमध्ये ते शोच्या मध्ये घालता येतात. चेहरे नकोत. रात्री सगळ्यांचे टी-शर्ट बदललेले असतात.