गार डबा

लेक इथे ऑस्लोत पहिलीला गेली, त्या पहिल्याच आठवड्यात मी तिला डब्यात कांदेपोहे दिले. वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, सगळं साग्रसंगीत. संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत आला. म्हणाली, "बाबा, पोहे गार झाले की टोचतात." मी दोन दाणे तोंडात टाकून पाहिले. खरंच टोचत होते.

नॉर्वेत बहुतेक शाळांत जेवण मिळत नाही. पोरं घरून 'माटपाक्के' नेतात, म्हणजे आपला डबाच. फरक एवढाच की तो गार खायचा असतो. अकराच्या सुमारास वर्गातच बसून, थोड्या वेळात. गरम करायची सोय तिच्या शाळेत नाही. पालकसभेत बाईंनी सांगितलं ते एका ओळीत संपलं: भरड पिठाचा पाव, त्यावर काहीतरी, एक फळ, पाणी. गोड नको. डॉक्टरच्या मुलाचाही डबा हाच आणि बसचालकाच्या मुलीचाही हाच. मला ही गोष्ट फार आवडते.

यामागे जुनी गोष्ट आहे. 1930च्या दशकात कार्ल श्योत्झ नावाच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं ऑस्लोच्या शाळांत मुलांना न शिजवलेला नाश्ता मिळू लागला: भरड पाव, दूध, कच्चं गाजर, फळ आणि चमचाभर कॉड माशाचं तेल. पुढे तो शाळेतून घराच्या ओट्यावर आला. आजही दुकानात पावाच्या पाकिटावर चार भागांचं वर्तुळ असतं. जितके भाग भरलेले, तितकं पीठ भरड. तीन-चार भाग भरलेला पाव घ्यायचा, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

पण आमच्या घरात रोज पाव कोण खाणार? मग मी गार झाल्यावरही चांगलं लागेल असं काय, हे शोधायला लागलो. पोळी इथल्या कोरड्या हवेत कडक होते. उपमा घट्ट होऊन त्याची वडी पडते. टिकलं ते थालीपीठ.

भाजणी संपली होती, आणि घरून येणाऱ्या पुड्यांवर किती दिवस काढणार? कोपऱ्यावरच्या साध्या दुकानात 'बिग' मिळतं, म्हणजे आपला सातू, जव. त्याचं पीठही मिळतं आणि ते स्वस्त असतं. एक वाटी सातूचं पीठ, अर्धी वाटी रायचं (राय म्हणजे गव्हासारखंच एक धान्य, आपली मोहरी-राई नव्हे), अर्धी वाटी बेसन. ऑस्लोतल्या ग्र्योनलांड भागातल्या दुकानांत बेसन सहज मिळतं. एक मोठं गाजर किसून, कांदा बारीक चिरून, तीळ, धनेजिरे, हळद, तिखट, मीठ. पाणी मात्र चांगलं कढत हवं. गार पाण्यात सातूचं थालीपीठ थापताना कडेनं फाटतं. राय चिकट असतं, ते या फाटण्याला धरून ठेवतं, पण अर्ध्या वाटीपेक्षा जास्त घातलं तर हातालाच चिकटून बसतं. ओल्या फडक्याऐवजी मी बेकिंगचा कागद घेतो. त्यावर थापतो, पाच भोकं पाडतो, कागदासकट तव्यावर उलटा टाकतो आणि मिनिटभरानं कागद सोलून काढतो.

आणि तूप नाही! हे मला उशिरा कळलं. तुपावर भाजलेलं थालीपीठ गार झालं की तूप गोठतं आणि टाळ्याला पांढरा थर बसतो. इथलं मोहरीच्या कुळातलं रॅपसीडचं तेल गोठत नाही, स्वस्तही आहे. भोकांत तेच सोडायचं.

सोबत चटणी. लेकीच्या वर्गात एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, त्यामुळे दाण्याचं कूट बंद. पण जवस इथे किराणा दुकानात किलोनं मिळतं, न्याहारीच्या दलियात घालतात ना. भाजून, लसूण-तिखट घालून वाटलं की झाली. ती घट्ट दह्यात कालवून थालीपिठाला लावायची आणि गुंडाळी करायची. फळ म्हणून सफरचंद, आणि कच्च्या गाजराच्या कांड्या. झाला डबा.

संध्याकाळी तुरीच्या डाळीऐवजी पिवळ्या वाटाण्याची डाळ. ती इथले लोक सूपसाठी वापरतात. आमसूल आणि गूळ घातला की आमटी ती आमटीच. चव थोडी जाड असते, पण मुलांना चालते. शनिवारी तांदळाची 'ग्र्योट': दुधात तासभर मंद आचेवर शिजवलेला चिकट भात, वर साखर-दालचिनी, मधोमध लोण्याचा गोळा. तो वितळून जो पिवळा डोळा दिसतो, त्याला लोण्याचा डोळाच म्हणतात. आमच्याकडे आजी मऊभातात खळगा करून तूप सोडायची, तेच. उरलेल्या ग्र्योटमध्ये अंडं आणि मूठभर पीठ घालून रविवारी छोटी धिरडी होतात. सोमवारच्या मधल्या सुट्टीची सोय झाली.

आईला मात्र हे पटत नव्हतं. फोनवर दर वेळी, "अरे, पोरीला गारढोण खायला घालतोस?" मला वाईट वाटायचं, कारण तिनं आम्हाला कधी शिळं-गार वाढलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात रत्नागिरीला गेलो. आईनं सकाळी भाजणीचं थालीपीठ तव्यावरून थेट लेकीच्या ताटात टाकलं आणि वर तूप सोडायला चमचा उचलला. लेक ताटावर हात आडवा धरून म्हणाली, "आजी, थांब ना, आधी गार होऊ दे."