६.७१ सीजीपीए, दोन बॅक आणि डिफर्ड एमबीएचा अर्ज: माझा अनुभव

गेल्या वर्षी याच दिवसांत मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर कमी मार्कवाल्यांचे अनुभव शोधत बसायची आणि जे सापडायचं त्यात "कमी" म्हणजे १० पैकी ८.२ सीजीपीए (सगळ्या सेमची सरासरी) असायचं, म्हणून म्हटलं आपलं झालं की नागपूरच्या साध्या कॉलेजमधून ६.७१ वाल्या मुलीचं काय होतं ते लिहायचंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डिफर्ड म्हणजे शेवटच्या वर्षात असतानाच एमबीएला अर्ज करायचा, सीट मिळाली की दोन ते चार वर्षं (काही ठिकाणी पाच) नोकरी करायची आणि मग शिकायला जायचं. हार्वर्डचं २+२, स्टॅनफर्ड, व्हार्टनचं मोलिस, बूथ, कोलंबिया अशी बरीच नावं आहेत आणि बहुतेकांची तारीख एप्रिलमध्ये असते. कॉलेजच्या मुलांना फी पण कमी, २+२ ला १०० डॉलर. डिग्री होऊन नोकरीला लागलात की मात्र यात बसत नाही.

आता मार्कांचं. मी मेकॅनिकलची. तिसऱ्या सेमला, २०२२ च्या ऑक्टोबरात, काटोलला काकांचा गाडीवरून पडून पाय मोडला, मांडीत रॉड टाकला, आणि बागेत आंबिया बहाराची संत्री तोडायला आलेली. बाबा नोकरीतून निघू शकत नव्हते. मी गेली. आठ दिवसांसाठी गेली आणि सहा आठवडे राहिली, आणि विंटरच्या परीक्षेत एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) आणि थर्मो दोन्ही गेले, म्हणजे दोन बॅक. पुढच्या समरला दोन्ही काढले पण त्या सेमचा एसजीपीए (एका सेमची सरासरी) शेवटपर्यंत सीजीपीएला खाली ओढत राहिला. नंतर पाचव्याला ७.२, सहाव्याला ७.६, सातव्याला ८.१.

अर्जात एक जास्तीचा रकाना असतो, काही सांगायचं असेल तर इथं सांगा म्हणून. त्यात मी दीड पान लिहिलं. पेपर किती कठीण निघाला, रिव्हॅल्युएशनचं काय झालं, घरची परिस्थिती, सगळं. आतेभाऊ पुण्यात नोकरी करतो, त्याला पाठवलं तर तो म्हणे, यात "दुर्दैवाने" किती वेळा आलंय ते मोज. सात वेळा आलं होतं. मग त्यानं विचारलं की त्या सहा आठवड्यांत तू तिथं नक्की केलं काय, आणि मी सांगायला लागली तर अर्धा तास झाला.

झालं असं की व्यापाऱ्यानं पूर्ण बाग झाडावरच ३ लाख ८० हजारांना मागितली होती. काका पलंगावर, ते म्हणे देऊन टाक. मला तो आकडा पटेना. ४५० झाडं, सगळ्यांची फळं कोण मोजणार, म्हणून वीस झाडं निवडून मोजली आणि सरासरीला ४५० नं गुणलं, आकडा एवढा मोठा आला की मलाच खरा वाटेना. मग लक्षात आलं, मी विहिरीजवळची झाडं घेतली होती, त्यांना पाणी बरोबर मिळतं. दुसऱ्या दिवशी पाच ओळींतून चार-चार झाडं घेऊन परत मोजली. आकडा बराच उतरला, तरी व्यापाऱ्याच्या भावात बसत नव्हता. दोन पिकअप नागपूरच्या कळमना बाजारात नेऊन भाव बघितला आणि मग काकांना म्हटलं, बाग द्यायची नाही. तोडाई, हमाली, गाडीभाडं सगळं जाऊन ४ लाख ६५ हजार हातात आले.

ही गोष्ट मी अर्जात कुठंच लिहिली नव्हती. माझ्यासाठी ती फक्त नापास व्हायचं कारण होती.

मग दीड पानाच्या चार ओळी केल्या. तिसऱ्या सेमला घरच्या अपघातामुळे सहा आठवडे कॉलेजला नव्हते, दोन विषय गेले, पुढच्याच परीक्षेत काढले, त्यानंतरचे मार्क हे आहेत. संपलं. बाग मुख्य निबंधात गेली. तुमचं असं काही असेल तर दोन्ही एकत्र कालवू नका, मार्कांच्या रकान्यात एवढी मोठी गोष्ट टाकली की ती सबबच वाटते.

पण एम-थ्रीत नापास झालेल्या मुलीला गणित येतं हे नुसतं म्हणून कोण मानणार? मी जुलै ते ऑक्टोबर २०२४ एनपीटेलवर (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) प्रोबॅबिलिटीचा बारा आठवड्यांचा कोर्स केला, शिकायला फुकट, सेंटरवर बसून द्यायच्या परीक्षेचे १००० रुपये, ७८ आले. जीमॅट (एमबीएची प्रवेश परीक्षा) जानेवारीत ५७५, मग मार्चमध्ये घरूनच ऑनलाइन दिली तेव्हा ६६५ (आता स्कोअर २०५ ते ८०५ असतो, जुन्या ८०० च्या हिशोबानं बघू नका). घरून देताना खोलीत दुसरं कोणी चालत नाही, आधी कॅमेऱ्यानं पूर्ण खोली दाखवावी लागते. कूलरच्या आवाजाची भीती वाटली म्हणून मी तो बंदच ठेवला, आणि आई बाहेर दाराला पाठ लावून सव्वादोन तास बसली, दूधवाल्याला पण खुणेनं परत पाठवलं.

एका कन्सल्टंटनं सांगितलं होतं की सीजीपीए ४ च्या स्केलवर करून टाका, बरा दिसतो. करू नका. मार्कशीटवर जे आहे तेच आणि स्केल १० म्हणून भरायचं.

शिफारसपत्राचा सगळ्यात जास्त त्रास झाला. एक सर म्हणे तूच लिहून आण, मी सही करतो. पण लिंक थेट त्यांच्या मेलवर जाते आणि त्यांनीच भरायची असते, माझं मन होईना. शेवटी एम-थ्री शिकवलेल्या मॅडमकडेच गेली. त्या म्हणाल्या, "लिहीन, पण नापास झाली होतीस हे पण लिहीन." मी म्हटलं लिहा मॅडम. दुसरं पत्र हिंगण्याच्या कारखान्यात इंटर्नशिप केली तिथल्या साहेबांनी दिलं.

तीन ठिकाणी अर्ज केला. दोन नकार, त्यातला एक इंटरव्ह्यू न घेताच, त्या रात्री मी जेवली नाही. तिसऱ्यानं बोलावलं. नाव टाकत नाही, वाचणारे नावावरच अडकतात. इंटरव्ह्यू अर्ध्या तासाचा, मार्कांवर एकच प्रश्न आला आणि मी त्याच चार ओळी बोलली. त्यानंतर त्या बाई म्हणाल्या, ती वीस झाडं तुम्ही कशी निवडली? मी आधी विहिरीजवळची चुकीची निवडली होती ते सांगितलं, आणि उरलेला बहुतेक वेळ आम्ही त्याच्यावरच बोलत होतो.

जूनमध्ये ॲडमिशनचं मेल आलं. डिपॉझिट भरलं, आता हिंगण्यालाच त्याच कारखान्यात नोकरी करून राहिली आहे. परवा काकांचा फोन होता, यंदाच्या बहाराला व्यापारी येऊन गेला म्हणे. मी विचारलं किती म्हणतो, तर काका म्हणाले, "त्याचं राहू दे, आधी झाडं मोजून घेतली. पाच ओळीतून."