आन्स ला रेच्या शुक्रवारी शेवंडीच्या रांगेत उभं राहू नका

कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर जाणारी मंडळी शुक्रवारी रात्री आन्स ला रे गाठतात आणि थेट शेवंडीच्या रांगेत घुसतात. माझा राग त्या रांगेवर आहे. राजधानी कॅस्ट्रीजच्या दक्षिणेला, मॅरिगो बेच्या पुढे हे छोटं मच्छीमार गाव आहे. शुक्रवारी संध्याकाळी समुद्राकाठचा रस्ता गाड्यांना बंद होतो, टेबलं मांडतात, कोळशाच्या शेगड्या पेटतात.

शेवंड उभी चिरून मांसाची बाजू दोन-तीन मिनिटं निखाऱ्यावर धरायची, मग उलटून कवचावर सात-आठ मिनिटं, वरून लसूण घातलेलं लोणी. बस्स. पण गर्दी सांभाळायची म्हणून काही ठेल्यांवर ती आधीच भाजून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा तापवतात. दुसऱ्या आचेला मांस आक्रसतं, कवच सोडतं, चावताना नुसते दोरे लागतात. कच्ची दाखवून समोर भाजत असतील तरच घ्या. वर्षातले काही महिने शेवंड पकडायला बंदीही असते. त्या दिवसांत ती मागूच नये.

त्यापेक्षा फॉइलमधला अख्खा मासा घ्यावा. अर्धा किलोचा स्नॅपर, दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा, आत लिंबू, लसूण, कांद्याची पात, थाइम आणि ती जहाल गोलमटोल मिरची. कोळशावर राख धरल्यावर वीसेक मिनिटं लागतात. ज्वाळेवर टाकला तर खालून करपतो, काट्यापाशी कच्चा राहतो. पुडी मधेच उघडून बघणाऱ्याचा ठेला सोडून पुढे जावं, वाफ गेली की मासा सुकलाच.

लांबी, म्हणजे मोठ्या शंखातलं मांस, आधी कुटून मऊ शिजवलेलं नसेल तर चघळत बसाल. सोबत भाजलेला नीरफणस मिळाला तर सोडू नका. कोकणातल्या माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको. तळलेले बेक्स, म्हणजे पिठाचे छोटे पाव, मात्र गरमच खावेत.

इथलं चलन, पूर्व कॅरिबियन डॉलर, १९७६ पासून अमेरिकी डॉलरला २.७० या दराने बांधलेला आहे. अमेरिकी नोटा चालतात, पण ठेल्यावरचा हिशेब सहसा गिऱ्हाइकाच्या तोट्याचा. सुटे स्थानिक पैसे न्या.

सातच्या सुमारास पोचा. नंतर स्पीकर इतके वाढतात की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. आणि परतीची गाडी जेवायच्या आधी ठरवा: रात्री मिनीबस विरळ होतात, टॅक्सीवाल्याला ते पक्कं ठाऊक असतं.