आमची वाटचाल: २४८ नॅनोमीटरचं पॉलिमर आणि एक नडलेली बॅच

आम्ही रेझिस्टसाठी, म्हणजे चिप बनवताना वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) चढवायच्या प्रकाशसंवेदी लेपासाठी, पॉलिमर बनवतो. सुरुवात नोव्होलॅक या रेझिनची. मेटा आणि पॅरा क्रेसॉल, फॉर्माल्डिहाइड, ऑक्झॅलिक ॲसिड. ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर चालणाऱ्या रेझिस्टला ते चालतं. ती वर्षं सुरळीत गेली, त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही. खरी परीक्षा झाली २४८ च्या पॉलिहायड्रॉक्सीस्टायरीनने.

ॲसिटॉक्सीस्टायरीन मेथॅनॉलमध्ये, साखळी सुरू करणारं एआयबीएन घालून रिफ्लक्सवर (उकळवत, वाफ थंड करून परत भांड्यात आणत), आधी नायट्रोजनने ऑक्सिजन पूर्ण काढून. मग ॲसिटाइल गट उतरवायचा. सोडियम मेथॉक्साइडने तो झटकन उतरतो, पण सोडियम मागे राहतो आणि गिऱ्हाइकाला प्रत्येक धातू १० पीपीबीखाली (अब्जात दहा भागांखाली) हवा असतो. म्हणून आम्ही ट्रायएथिलअमाइन आणि थोड्या पाण्यावर गेलो. आठ तास रिफ्लक्स, एफटीआयआरवर (इन्फ्रारेड वर्णपटावर) १७६० जवळचा कार्बोनिलचा पट्टा नाहीसा होईपर्यंत. तो किंचित राहिला, तरी २.३८ टक्के टीएमएएचमध्ये (रेझिस्ट धुण्याच्या अल्कलीय डेव्हलपरमध्ये) विरघळण्याचा वेग घसरतो.

एवढं सांभाळूनही एक बॅच उलटली. रेणूभार बरोबर, धातू मर्यादेत, पण रेझिस्टला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त डोस (प्रकाशाची मात्रा) लागू लागला. ऑर्डरी थांबल्या. एका स्पर्धकाने बाजारात पसरवलं की आमच्या मालात धातू आहे. आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या चाचणीचे आकडे दाखवूनही ते पुसलं गेलं नाही, आणि ती सल आजही आहे.

माल परत न पाठवणारा एकच गिऱ्हाईक होता. त्याने आमच्या जुन्या बॅचची राखलेली बाटली काढली, दोन्हींचे रेझिस्ट एकाच सूत्राने बनवून एकाच दिवशी वेफरवर चढवले, आणि दोन्हींचे डोसचे आकडे पाठवले. त्यावरून कारण हाती लागलं.

हे रेझिस्ट ॲसिडवर चालतं. आयबीएममध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इतो, विल्सन आणि फ्रेशे यांनी दाखवलं तसं: प्रकाशाने तयार झालेला ॲसिडचा एक रेणू बेकिंगमध्ये पॉलिमरवरचे अनेक संरक्षक गट तोडतो. त्यात भटका अमाइन शिरला की तो आधी ॲसिड गिळतो. आमचा अमाइन आला होता गोळ्यांतून. पाण्यात ओतताना घाईत धार जाड झाली, पॉलिमर रवाळ न पडता स्टिररच्या पात्याला चिकट गोळे होऊन बसला, आणि मेथॅनॉल व अमाइन आतच अडकले. ट्रायएथिलअमाइन ८९ अंशांना उकळतो, म्हणून व्हॅक्यूममध्ये निघून जाईल असा समज होता. पण फिनॉलच्या ओएचला तो धरून बसतो. आयसीपी-एमएसला तो दिसणार नाही, तो धातू नाहीच.

आता द्रावण २० टक्क्यांवर आणतो, दहापट पाण्यात बारीक धारेने, जोरात ढवळत ओततो. पावडर वाळूसारखी पडली पाहिजे. बोटांत चिकटली तर पुन्हा विरघळवा. दुसऱ्यांदा विरघळवून आम्लीय आयन-एक्स्चेंज रेझिनच्या कॉलममधून नेतो, मग पुन्हा पाण्यात पाडतो आणि ५० अंशांवर व्हॅक्यूममध्ये सुकवतो. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: कॉलम आधी मेथॅनॉलने धुवा, बाहेर येणारं मेथॅनॉल आम्लहीन होईपर्यंत. नाहीतर रेझिनमधून सुटलेलं सल्फॉनिक ॲसिड पॉलिमरसोबत जातं, आणि पुढे रेझिस्टमधले तेच संरक्षक गट बाटलीतच, कपाटात बसल्या बसल्या सुटू लागतात. पॉलिमर काचेत ठेवू नका, काच सोडियम सोडते. एचडीपीई किंवा पीएफए प्लास्टिकच्या बाटल्या वापरा.

अमाइनसाठी जीसीची (गॅस क्रोमॅटोग्राफीची) चाचणी आता प्रत्येक बॅचला होते, ती प्रमाणपत्रावर छापली जाते. आणि त्या गिऱ्हाइकासारखाच प्रत्येक बॅचचा नमुना आम्हीही राखून ठेवतो. कपाटातली सगळ्यात जुनी बाटली त्याच उलटलेल्या बॅचची आहे, नवीन माणूस आला की चाचणीच्या पहिल्या दिवशी तिचाच नमुना जीसीवर लावायला देतो.