‘पाहिजे’ आणि ‘पाहिजे’

परदेशातील महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा परक्या भाषेत व्याख्याने कशी जमतील याची धास्ती होती. प्रत्यक्षात अडलो तो आपल्याच भाषेतील एका शब्दापाशी. ‘मला पाणी पाहिजे’ आणि ‘माणसाने खरे बोलले पाहिजे’ या दोन वाक्यांत आपण इच्छा आणि कर्तव्य एकाच क्रियापदावर निभावून नेतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांच्या १७८५ सालच्या नीतिविषयक ग्रंथातील मोठा खटाटोप मात्र ही दोन्ही वेगळी करण्यासाठी आहे: दुकानदार गिऱ्हाइकाला फसवत नाही, तो धंदा टिकावा म्हणून, की फसवणे चूक आहे म्हणून? मनात मराठीत विचार करून हा भेद मांडताना मी अजूनही क्षणभर अडखळतो, आणि त्या अडखळण्यातूनच माझ्या संशोधनाचा विषय निघाला: योग्य काय ते कळूनही माणूस इच्छेमागे का जातो. ॲरिस्टॉटलने या वागण्याला ‘अक्रासिया’ म्हटले. आपण म्हणतो, कळते पण वळत नाही.

हा विषय वर्गात निघाला की कोणीतरी विचारतेच, की तुम्ही एवढे नीतिशास्त्र वाचता, मग तुम्ही स्वतः अधिक चांगले वागता का? प्रश्न उद्धट नाही, आणि त्यावर संशोधनही झाले आहे. एरिक श्विट्झगेबेल आणि जोशुआ रस्ट या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांपैकी सुमारे ६० टक्क्यांनी सस्तन प्राण्यांचे मांस नेहमी खाणे अयोग्य ठरवले. इतर विषयांच्या प्राध्यापकांत हे प्रमाण बरेच कमी होते. आदल्या रात्रीच्या जेवणात काय होते, हे विचारल्यावर मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. आमचे मत बदलले होते, ताट बदलले नव्हते. श्विट्झगेबेल यांनी त्याआधी, २००९ साली, ग्रंथालयांच्या नोंदी तपासल्या होत्या, आणि नीतिशास्त्राची पुस्तके तत्त्वज्ञानाच्या इतर तुल्य पुस्तकांपेक्षा जास्त गहाळ झालेली आढळली होती. (ती नेली कोणी, हे नोंदींवरून कळत नाही, विद्यार्थ्यांवर ढकलण्याचा मोह मला होतो.)

यावरून हा विषय शिकवणे व्यर्थ आहे, असे मला वाटत नाही. खोट्या वचनाविषयीचे कांट यांचे उदाहरण शिकवले, त्याच आठवड्यात निबंधाला मुदतवाढ मागणारे ईमेल येतात, त्यांपैकी एकात या वेळी लिहिले होते, “आजारी नव्हतो, आळस केला.” मी त्याला दोन दिवस दिले, आणि माझ्या टेबलावरचे, मुदत उलटून गेलेले ग्रंथालयाचे पुस्तक पिशवीत टाकले.