झोपेच्या गोळ्या, एक शिक्का आणि शनिवार ते सोमवार

बाबा गेले आणि माझी झोप गेली. रात्री दोनला डोळे टक्क उघडे, छातीत धडधड. फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅम दिली, चिंता कमी करून झोप आणणारी गोळी, पहिल्याच रात्री सलग सात तास झोपले आणि सकाळी उठून रडले. दोन महिन्यांनी ती पुरेना, मग ०.५ झाली. इथपर्यंत काहीच अडचण नव्हती.

अडचण आली एका शनिवारी संध्याकाळी. स्ट्रिप संपली, नेहमीच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दिली, तर काउंटरवरच्या मुलाने ती उलटसुलट बघून परत केली. "ताई, यावर शिक्का पडलाय, एकदा दिलेलं आहे." चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'चालू ठेवा' एवढंच लिहिलं होतं, किती दिवस, पुन्हा द्यायची का, काहीच नाही. मी म्हटलं अहो तुम्हीच तर दिल्यात मागच्या महिन्यात, तर त्याने लाल रेघांचं जाड रजिस्टर उघडून दाखवलं, माझं नाव, डॉक्टरांचं नाव, गोळीचं नाव, संख्या. २०१४ पासून ही गोळी शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे जास्त कडक नियमांनी विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, असल्या औषधांची वेगळी नोंद तीन वर्षं जपावी लागते, आणि 'पुन्हा देता येईल' असं डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच. मुलगा बरोबरच होता, त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे क्लिनिकवर. फोन केला तर रिसेप्शनवरची बाई म्हणाली डॉक्टर आता सोमवारी, जुन्या चिठ्ठीचा फोटो पाठवते, चालेल. चार दुकानं फिरले, फोटो कोणीच घेतला नाही.

बरं, नाही तर नाही, दोन रात्री जागून काढू, असं मला वाटलं. रविवारी दुपारी हाताला कापरं सुटलं, चहाचा कप बशीवर खडखडत होता, घाम, पंख्याचा आवाजसुद्धा सहन होईना. मला वाटलं आजार परत उसळला. सोमवारी डॉक्टर म्हणाले, हा आजार नाही, रोजची गोळी एकदम बंद केली म्हणून झालं, याच्यात फिटसुद्धा येऊ शकते, असं झालं तर थेट इमर्जन्सीला जायचं. हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? तीन महिन्यांत एकदाही कोणी म्हणालं नव्हतं की ही एका रात्रीत सोडायची गोळी नाही.

मग मी सायकियाट्रिस्टकडे गेले, आणि तिथे पहिल्यांदा कोणीतरी फरक नीट समजावला. अल्प्राझोलाम लवकर चढते, लवकर उतरते, म्हणून दोन डोसच्या मधेच बेचैनी डोकावते. क्लोनाझेपाम ही त्याच गटातली गोळी अंगात खूप रेंगाळते, निम्मी उतरायलाच तीस-चाळीस तास, त्यामुळे कमी करताना धक्का कमी बसतो, पण सकाळी डोकं जड. मला तीच दिली, आणि हळूहळू कमी करत चार महिने लागले. हे वेळापत्रक डॉक्टरांनीच ठरवायचं, माझं बघून कोणी करू नका. माझ्या जाऊबाई झोल्पिडेम घेतात, ती मुख्यतः झोप लावण्यासाठीच, चिंतेवरची नाही, अडीच-तीन तासांत निम्मी उतरते. पण काही जण ती घेऊन झोपेत उठून चालतात, गाडीसुद्धा चालवतात, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये त्यासाठी औषधाच्या माहितीपत्रकात सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. बायकांच्या शरीरातून ती हळू जाते म्हणून २०१३ मध्येच त्यांचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला सांगितलं होतं. हे जाऊबाईंना मी सांगितलं, त्यांना माहीतच नव्हतं. तिन्हीपैकी कुठल्याही गोळीवर दारू नको, अजिबात नको.

सासूबाईंनी एकदा माझ्यातली अर्धी मागितली होती, नाही दिली. वयस्कर माणूस रात्री बाथरूमला उठतो आणि गुंगीत पडतो, खुब्याचं हाड मोडतं.

हो, आणि चिठ्ठी घेताना टेबलावरून उठायच्या आधीच बघा, तारीख, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर, गोळ्यांची संख्या, पुन्हा द्यायची असेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं. मूळ कागद जपा. दहा गोळ्या उरल्या की अपॉइंटमेंट घ्या, दोन उरल्यावर नाही.

गोळी कमी होत असताना सायकियाट्रिस्टनी झोपेची डायरी लिहायला लावली, उठायची वेळ रोज सहा, रात्र कशीही गेली तरी. पहिले तीन आठवडे फार जड गेले. शेवटची गोळी घेऊन आता सात आठवडे झाले, काल पाच तास झोपले आणि मधे एकदाच जाग आली.