कायकोराच्या समुद्रात कान लावून

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कायकोराला सकाळची बोट पकडली. किनाऱ्यामागचे डोंगर अजून लख्ख दिसत होते, तरी खाली हजार मीटरहून खोल पाणी होतं. समुद्रतळाची घळ इथे किनाऱ्याला इतकी खेटून आहे, म्हणूनच स्पर्म व्हेल, म्हणजे मोठ्या डोक्याचे दातवाले देवमासे, बाराही महिने असतात. बहुतेक सगळे नर.

कप्तानाने इंजिन बंद केलं. बोटीवरच्या एका मुलीने दांड्याला लावलेला हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, पाण्यात सोडला, दांडा हळूहळू फिरवला आणि हेडफोन माझ्याकडे दिला.

आधी नुसती खळखळ. मग तिच्या आडून टक्... टक्... टक्... लांब कुठेतरी सुतार खिळे ठोकत बसलाय असा ठेका. दांडा जरा वळला की आवाज विरायचा, परत आणला की ठसठशीत. तीच देवमाशाची दिशा. खालच्या मिट्ट काळोखात तो प्रतिध्वनीवर भक्ष्य शोधत होता. मध्येच टकटक इतकी दाट झाली की जुनं दार करकरल्यासारखं वाटलं. भक्ष्य टप्प्यात आलं होतं!

मग तिने जे सांगितलं ते अजून डोक्यातून जात नाही. एकेक टक् म्हणजे स्पंदनांची छोटी माळ असते, कारण आवाज त्याच्या प्रचंड डोक्यात मागेपुढे आपटतो. दोन स्पंदनांमधला वेळ मोजला की डोक्याची लांबी कळते, आणि त्यावरून अंगाची. देवमासा न बघता! पाण्याखाली पाऊणएक तास आणि वर जेमतेम दहा मिनिटं राहणाऱ्या प्राण्याची मोजदाद नुसत्या डोळ्यांनी कशी व्हावी? अर्थात गप्प बसलेला देवमासा कानालाही सापडत नाही, म्हणून ओळख पटवायला शेपटीचे फोटोही लागतात.

हिंदी महासागरात तर अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या हायड्रोफोनांच्या नोंदींमधून पिग्मी ब्लू व्हेलचा (निळ्या देवमाशाची लहान उपजात) एक अज्ञात गट उजेडात आला. २०२१ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. ओळख पटली ती त्यांच्या वेगळ्या गाण्यावरून.

ठेका एकदम थांबला. "वर येतोय," ती म्हणाली. काही मिनिटांनी डावीकडे कललेला फवारा उडाला, मग ओंडक्यासारखी करडी पाठ. शेवटी शेपूट उभी राहिली. उजव्या पात्याला एक खोल खाच होती. तिने फोटो घेतला, तो बुडाला.

मी परत हेडफोन मागितला. थोडी खळखळ, मग टक्... टक्... या वेळी ती कोणाची, ते मला माहीत होतं.